फर्निचर घरी आलं, पण खोक्यात स्क्रूच कमी! मग जबाबदारी नक्की कुणाची?

सेल लागला, ऑफर बघून कपाट बुक केलं. फोटोत एकदम टापटीप दिसत होतं. चार दिवसांनी दारात जे आलं ते कपाट नव्हतंच. दोन चपटी, जड खोकी होती. डिलिव्हरीवाल्याने ओटीपी घेतला, "इन्स्टॉलेशनला वेगळी माणसं येतील" एवढं सांगितलं आणि लिफ्टमधून खाली गेला.

ती माणसं दोन दिवसांनी आली. अर्धं कपाट उभं राहिल्यावर लक्षात आलं की, बिजागऱ्यांचे स्क्रूच नाहीत आणि एका फळीचा कोपरा फुटलाय. इन्स्टॉलेशनवाला म्हणाला, "पार्ट कंपनी देणार." ॲपवरच्या कस्टमर केअरने सांगितलं, "सेलरशी बोला." सेलर म्हणाला, "आम्ही माल चांगलाच पाठवला होता, वाटेत तुटला असेल." आणि माल आणणाऱ्या एजन्सीचा फोन कुणी उचललाच नाही.

हॉलच्या मधोमध अर्धवट कपाट, पलंगावर कपड्यांचे ढीग, आणि हातात तक्रारीचा नंबर.

ऑनलाईन फर्निचर घेणाऱ्या अनेकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. यात सगळ्यात जास्त दमछाक होते ती 'चूक नेमकी कुणाची' हे शोधताना. पण फळी कारखान्यात फुटली, गोडाऊनमध्ये फुटली की टेम्पोत, हे शोधून काढणं ग्राहकाचं काम नाही. कायदा याबाबतीत काय सांगतो, हे फर्निचर असं सुट्या भागांत का येतं आणि खोकं उघडण्याआधी काय केलं तर पुढचा त्रास वाचतो, हे समजून घेऊया.

फर्निचर खोक्यात कसं काय शिरलं?

आपल्याकडे लोखंडी कपाट म्हटलं की 'गोदरेजचं कपाट' असंच म्हणायची पद्धत आहे. गोदरेजने स्टीलची कपाटं बनवायला १९२३ मध्ये सुरुवात केली. घरात असं कपाट आणायचं म्हणजे चार माणसं, दोऱ्या आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर "जरा डावीकडे, डावीकडे" असा गलका. लाकडी फर्निचर हवं असेल तर सुतार घरी येऊन महिनाभर काम करायचा. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. कपाट बनवणारा माणूस ते पूर्ण उभं करूनच तुमच्या ताब्यात द्यायचा.

सुट्या भागांचं फर्निचर ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १८५९ मध्ये मायकेल थोनेट यांच्या कंपनीने ऑस्ट्रियात '१४ नंबरची खुर्ची' बाजारात आणली. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, बस. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या आणि जिथे पोहोचतील तिथे जोडल्या जायच्या.

ही कल्पना घरोघरी नेली ती स्वीडनच्या आयकियाने. इंगवार कॅम्प्राड यांनी १९४३ मध्ये ही कंपनी सुरू केली. १९५६ च्या सुमारास कंपनीतले डिझायनर गिलिस लुंडग्रेन यांना एक टेबल गाडीत बसवायचं होतं. ते काही केल्या मावेना, म्हणून त्यांनी पायच काढून ठेवले. तिथून 'फ्लॅट-पॅक' म्हणजे चपट्या खोक्यातल्या फर्निचरचा धंदा वाढला. भारतात आयकियाचं पहिलं दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला उघडलं आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला. त्याआधीच भारतीय ऑनलाईन कंपन्यांनी सुट्या भागांचं फर्निचर घरपोच द्यायला सुरुवात केली होती.

यात फायदा कुणाचा?

खरं तर दोघांचाही. उभं कपाट टेम्पोत ठेवलं तर त्यातली बरीचशी जागा पोकळीच असते. म्हणजे कंपनी हवेचं भाडं भरत असते. तेच कपाट फळ्यांच्या रूपात नेलं तर एका टेम्पोत कितीतरी जास्त माल जातो. वाहतूक आणि गोडाऊनचा खर्च वाचतो, किंमत कमी ठेवता येते.

पण बनवण्याच्या कामातला शेवटचा टप्पा कारखान्यातून उठून तुमच्या हॉलमध्ये येतो. तुमच्या वाट्याचं कपाट पूर्ण उभं राहिलेलं पहिल्यांदा कोण बघतं? तुम्ही. म्हणून एखादं भोक चुकीच्या जागी पडलेलं असेल किंवा पाकिटात आठऐवजी सहा स्क्रू असतील, तर ते बऱ्याचदा तुमच्या घरातच कळतं.

स्वतः जोडण्याचं एक वेगळं समाधान असतं, हेही खरं. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोकॉन आणि डॅन एरिएली या संशोधकांनी २०१२ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधी आयकियाची खोकी ज्यांनी स्वतः जोडली, ते त्यासाठी सरासरी ७८ सेंट द्यायला तयार होते. ज्यांना तीच खोकी तयार मिळाली ते ४८ सेंट. याला 'आयकिया इफेक्ट' असं नाव पडलं. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. काम अर्धवट राहिलं, तर हा परिणाम टिकत नाही. दोन स्क्रूंसाठी अडकलेल्या कपाटाकडे बघून इतका राग का येतो, त्याचं उत्तर कदाचित इथेच आहे.

खोक्यातल्या फळ्यांचा स्वभाव

स्वस्त फ्लॅट-पॅक फर्निचर बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचं असतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि डिंकासारखं रसायन एकत्र दाबून केलेली फळी. वरून लाकडासारखा दिसणारा पातळ थर चिकटवलेला असतो. हे वाईट असतं असं नाही, पण त्याच्या काही सवयी माहीत हव्यात.

पहिली, स्क्रू. अखंड लाकडात स्क्रू काढून परत बसवता येतो. पार्टिकल बोर्डात तोच स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की भोक सैल होतं आणि आतला भुसा गळायला लागतो. म्हणून इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हरने जोर लावून पिळणं टाळायचं. शेवटचे फेरे हातानेच द्यायचे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं. अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलायचं आणि दर वेळी कपाट खोलायचं, हे या फर्निचरला फार वेळा झेपत नाही.

दुसरी, पाणी. कडेची पट्टी निघाली आणि आत ओल गेली की फळी फुगते, आणि फुगलेली फळी पूर्ववत होत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कपाट भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये आणि लादी पुसताना खालच्या कडेला पाणी साचू देऊ नये.

तिसरी, मागची पातळ फळी. ती अगदीच किरकोळ वाटते, म्हणून काही जण ती नीट ठोकतही नाहीत. पण कपाट 'गुण्यात', म्हणजे काटकोनात ठेवायचं काम तीच करते. ती सैल राहिली की कपाट डुगडुगतं, दारं एका रेषेत येत नाहीत आणि दोष बिजागऱ्यांना दिला जातो. मागची फळी ठोकण्याआधी कपाटाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते सारखे भरले तर कपाट गुण्यात आहे. तरीही दारं तिरकी दिसत असतील तर फरशीचा उतार तपासा. पाणसळ नसेल तर फोनमधलं लेव्हलचं ॲप चालतं.

फेकून दिलेली ती छोटी पट्टी

खोक्यात स्क्रूंच्या पाकिटाबरोबर बऱ्याचदा एक छोटी पट्टी किंवा धातूचा कोन येतो. कपाट भिंतीला अडकवण्यासाठी. "एवढं जड कपाट कशाला पडतंय" म्हणून ती पट्टी ड्रॉवरमध्ये पडून राहते.

ती का लागते, याचं उत्तर अमेरिकेत मिळालं आणि ते फार दुःखद होतं. आयकियाची 'माल्म' नावाची ड्रॉवरची कपाटं अंगावर पडून तिथे लहान मुलांचे मृत्यू झाले. २०१५ मध्ये कंपनीने भिंतीला अडकवायची किट मोफत द्यायला सुरुवात केली. तरीही अपघात थांबले नाहीत. अखेर जून २०१६ मध्ये अमेरिकेत माल्म आणि तशाच इतर मॉडेलची मिळून सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली गेली. २०१७ मध्ये अशाच अपघातात दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या पालकांना ४ कोटी ६० लाख डॉलर देण्याची तडजोड २०२० च्या सुरुवातीला झाली. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने कपाट सहजासहजी कलंडू नये म्हणून 'स्टर्डी' नावाचा कायदाच केला.

यामागचं कारण साधं आहे. सगळे ड्रॉवर एकदम उघडले की वजन पुढे येतं. त्यात मूल ड्रॉवरची पायरी करून वर चढलं तर कपाट पुढे कलंडतं. ही कपाटं जड असली तरी त्यांची खोली कमी असते.

म्हणजे इन्स्टॉलेशन ही फक्त सोयीची गोष्ट नाही. आपल्याकडे मात्र कंपनीचा माणूस "ड्रिलिंग आमच्यात येत नाही" म्हणतो आणि घरमालक "भिंतीला भोक पाडू नका" म्हणतो. घरात लहान मूल असेल तर घरमालकाशी आधीच बोलून घ्या. घर सोडताना दोन भोकं पुट्टीने बुजवता येतात. आणि भिंतीत नुसता स्क्रू ठोकून उपयोग नाही. ड्रिल करून प्लास्टिकची गिट्टी बसवूनच स्क्रू लावायला हवा, नाहीतर तो प्लास्टरसकट बाहेर येतो.

एक कपाट, चार हात

आता मूळ प्रश्न. तक्रार इतकी फिरते कशामुळे? कारण ॲपवर एकच नाव दिसत असलं तरी मागे अनेक जण असतात. फळ्या कापणारा उत्पादक एक, बिल फाडणारा सेलर दुसरा, माल आणणारी एजन्सी तिसरी आणि जोडायला येणारी टीम चौथी. या सगळ्यांना एकत्र बांधणारा प्लॅटफॉर्म वरून.

जोडायला आलेल्या कारागिराला बऱ्याचदा कामावर पैसे मिळतात. पार्ट कमी निघाला तर त्याचीही खेप फुकट जाते. त्याच्यावर ओरडून तो स्क्रू येणार नसतो. त्यापेक्षा "हा पार्ट कमी आहे" असं त्याच्याकडून कामाच्या स्लिपवर किंवा मेसेजवर लिहून घेणं जास्त कामाचं. तो तुमच्या बाजूचा पुरावा होतो.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये झाला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ई-कॉमर्ससाठी वेगळे नियमही आले. फर्निचर घेणाऱ्याच्या कामाचे मुद्दे असे आहेत:

• माल सदोष असेल, जाहिरातीत दाखवला तसा नसेल किंवा ठरलेल्या तारखेनंतर आला असेल, तर सेलरला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. (उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झाला असेल तर अपवाद.)

• प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क साईटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची असते.

• प्रत्येक तक्रारीला नंबर मिळायला हवा, म्हणजे ती कुठवर आली हे बघता येतं.

• इन्स्टॉलेशन ही 'सेवा' आहे. पैसे घेऊन किंवा किमतीत धरून दिलेली सेवा नीट दिली नाही, तर ती 'सेवेतील त्रुटी' ठरते. फक्त वस्तूच नाही, सेवेबद्दलही तक्रार करता येते.

• वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा दिला नाही आणि त्यामुळे कुणाला इजा झाली, तर उत्पादकाला त्यासाठी जबाबदार धरता येतं.

तक्रार करताना 'आधी चूक कुणाची ते सिद्ध करा' असं कुणी म्हणालं तर गोंधळून जाऊ नका. माल सदोष आला किंवा काम अर्धवट राहिलं, एवढं तुमच्याकडे पुराव्यासकट हवं. सेलर आणि प्लॅटफॉर्म या दोघांनाही तक्रारीत सामील करता येतं. त्यांनी आपापसात काय ते बघावं.

मग नेमकं काय करायचं?

ऑर्डर देण्याआधी: फोटो बघून नाही, माप बघून ठरवा. दार, लिफ्ट आणि खोली मोजा. इन्स्टॉलेशन किमतीत आहे का, ड्रिलिंगचे पैसे वेगळे आहेत का आणि स्वतः किंवा बाहेरच्या सुताराकडून जोडलं तर वॉरंटी राहते का, हे तीन प्रश्न विचारा. बऱ्याच कंपन्यांच्या अटीत बाहेरच्या माणसाने जोडलं तर वॉरंटी जाते. त्या अटीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

माल आल्यावर: खोकं फाटलेलं किंवा कोपरा दबलेला दिसला तर आधी फोटो. मग खोकं उघडण्यापासून सगळे भाग बाहेर येईपर्यंत एकच सलग व्हिडिओ. त्यात खोक्यावरचं लेबल दिसायला हवं. माहितीपुस्तिकेच्या सुरुवातीला भागांची यादी असते, ती घेऊन स्क्रू मोजा. नुकसान कळवायची मुदत कमी असते, कधी काही तास तर कधी काही दिवस. इन्स्टॉलेशनची तारीख आठवड्यानंतरची असेल तरी खोकं त्याच दिवशी तपासा.

जोडणी चालू असताना: पार्ट कमी असेल तर काम तिथेच थांबवा. दुसरा स्क्रू मारून 'ॲडजस्ट' केलं की नंतर कंपनी म्हणते, तुम्हीच बदल केलात. सगळ्यात महत्त्वाचं, काम पूर्ण झाल्याशिवाय 'काम पूर्ण' चा ओटीपी देऊ नका. हा ओटीपी म्हणजे तुमची सहीच आहे. तो दिला की सिस्टीममध्ये तक्रारीआधीच काम संपलेलं दिसतं.

तक्रार करताना: फोनवर बोललात तरी त्याच दिवशी ईमेल टाका. ऑर्डर नंबर, कमी असलेल्या पार्टचा यादीतला नंबर, फोटो आणि तुम्हाला काय हवंय ते स्पष्ट लिहा. पार्ट हवाय, बदली माल हवाय की पैसे परत? "लवकरात लवकर काहीतरी करा" असं लिहिलं की उत्तरही तसंच मोघम येतं.

तरीही ऐकलं नाही तर?

पहिली पायरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. हे कोर्ट नाही, पण हेल्पलाईन तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

दुसरी पायरी, जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर इथे जाता येतं, म्हणजे घरातलं जवळपास सगळं फर्निचर यात बसतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असं नाही. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाईन दाखल होते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. कायद्यानुसार तपासणीची गरज नसलेल्या तक्रारी तीन महिन्यांत निकाली निघायला हव्यात. प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ लागतो. म्हणून दोन हजारांच्या टेबलासाठी १९१५ वर जोर लावणं आणि मोठ्या रकमेसाठी आयोगात जाणं, असा हिशोब अनेक जण करतात.

एक धोका, जो कपाटाहून महाग पडतो

वैतागलेला माणूस गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतो. तिथे बरेचदा भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर असतात. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो, "रिफंडसाठी" एखादं ॲप टाकायला सांगतो किंवा यूपीआय पिन मागतो. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. नंबर फक्त कंपनीच्या ॲपमधून किंवा बिलावरून घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

पुढच्या वेळी चपटं खोकं दारात येईल तेव्हा कात्री शोधण्याआधी मोबाईलचा कॅमेरा चालू करा. स्क्रू मोजायला दहा मिनिटं लागतील. आणि घरात लहान मूल असेल तर भिंतीला अडकवायची ती छोटी पट्टी पाकिटात आहे ना, तेही बघून घ्या.